भिंतीकडे तोंड केलेली पाटी

१

साहेबांनी दोरी ओढली. निळा मखमली पडदा सरकन बाजूला झाला, टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला आणि अर्ध्यावरच ढेपाळला. मागच्या रांगांना काही दिसत नव्हतं, म्हणून ते बिचारे त्यानंतरही बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले.

पडद्यामागे पाटी नव्हती. नव्या रंगाची कोरी भिंत होती आणि तिच्यावर चार कोपऱ्यांत चार भोकं होती.

साहेबांचं मात्र भिंतीकडे लक्षच नव्हतं. त्यांचे डोळे मी लिहून दिलेल्या कागदावर होते, आणि कागद हातात असला की साहेबांना जगात दुसरं काही दिसत नाही. त्यांनी खणखणीत आवाजात पुढचं वाक्य वाचलं, "संगमरवरात कोरलेली ही अक्षरं पुढच्या पिढ्यांना माझ्या कामाची साक्ष देतील!" आणि मोठ्या रुबाबात हात त्या चार भोकांकडे केला.

पहिल्या रांगेत पक्षाचे निरीक्षक बसले होते. प्रांतसभेची उमेदवारी यंदा पुन्हा साहेबांना द्यायची की त्यांना घरी बसवायचं, हे ठरवायला ते राजधानीहून आले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, भिंत नीट न्याहाळली आणि शेजाऱ्याला हळूच विचारलं, "इकडे अशीच पद्धत आहे का?"

तेव्हा कुठे साहेबांनी मान वळवली. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि लाल झाला तेव्हा तो माझ्याकडे वळलेला होता.

"लेखक," ते म्हणाले, "सभागृहाची किल्ली कोणाकडे होती?"

"माझ्याकडे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मग चोर सापडला!"

माइक चालू होता. या वेळी मात्र मागच्या रांगांनाही सगळं ऐकू गेलं.

२

मी साहेबांची भाषणं लिहितो. त्यांच्याकडे चिकटलो तेव्हा माझे केस काळे होते. साहेब मुळात शिलाई मशिनी विकत. दारोदार फिरून, ज्या बाईला सुईत दोरा ओवता येत नाही तिच्याही गळ्यात मशीन मारत. हे कसब वाया जाऊ नये म्हणून ते राजकारणात आले. आधी नगरसभा, मग प्रांतसभा, मध्ये एकदा थोडक्या काळासाठी उपमंत्रीपद. तेव्हाचा गाडीवरचा झेंडा अजून त्यांच्या कपाटात घडी घालून ठेवलेला आहे. निवडणूक ते कधी हरले नाहीत. पायाभरणीला त्यांच्याइतका हौशी माणूस मी दुसरा पाहिला नाही. पायाच्या वर काय होतं याची मात्र त्यांनी फारशी चौकशी केली नाही. हे सभागृह खरोखरच बांधून झालं, याचं साहेबांना स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं.

समारंभ कसाबसा उरकला. निरीक्षकांना विश्रांतीसाठी अतिथीगृहात धाडलं आणि आम्ही उरलेले सभागृहाच्या मागच्या खोलीत जमलो.

"पोलिसांना कळवायचं नाही," साहेब गरजले. "कळवलं तर उद्या सगळ्या प्रांतात हसं होईल. संध्याकाळी निरीक्षक निघतील, त्याआधी मी त्यांना चोराचं नाव सांगणार, तसा शब्द दिलाय. दुसरं नाव मिळालं नाही तर याचं. विरोधकांना विकला गेला, म्हणून सांगेन."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. विकला गेलेला भाषणलेखक! असा शिक्का बसल्यावर मला कोणी वाढदिवसाचं शुभेच्छापत्रही लिहायला दिलं नसतं.

"पण नेली कोणी?" कंत्राटदार घाम पुसत म्हणाला. सभागृह त्यानेच बांधलं होतं आणि पाटीही त्यानेच करून आणली होती.

"हो, कोणी नेली असेल?" साहेबांचा मेहुणा म्हणाला. त्याचं फर्निचरचं दुकान आहे. खोलीत मऊ कोच असूनही तो एका लाकडी खुर्चीत काठी गिळल्यासारखा ताठ बसला होता.

"चहा टाकू का सगळ्यांना?" वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे साहेबांच्या पत्नी. घरात आणि पक्षात कितीही आदळआपट झाली तरी त्यांचा आवाज चढलेला मी ऐकलेला नाही.

"बाळ्या, खाली बस," कोपऱ्यातून आवाज आला.

सगळ्या प्रांतात साहेबांना बाळ्या म्हणणारी एकच व्यक्ती आहे, त्यांची थोरली बहीण. अक्का मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण ते त्यांनी मनावर घेतलेलं नाही. परीक्षेत कॉपी करणारी पोरं त्या नुसत्या वर्गाच्या दारात उभं राहून ओळखत, अशी त्यांची ख्याती. साहेब खाली बसले.

"या पोराने चोरी केलेली नाही," अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "स्वतःच्या खिशात किल्ली ठेवून कुलूप न तोडता चोरी करायला माणूस फारच मूर्ख लागतो. हा तेवढा नाही. थोडा आहे."

मला रडू यायचंच बाकी होतं. इतकं चांगलं माझ्याबद्दल त्या दिवशी कोणीच बोललं नव्हतं.

"आता मला ती भिंत दाखव," त्या उठत म्हणाल्या.

भिंतीपाशी अक्कांनी पडदा चाचपला, भोकांत बोट घालून पाहिलं, मग शेजारच्या खिडकीच्या कट्ट्यावर पुष्पगुच्छामागे हात घातला. हाताला एक कागदाची पुडी लागली, दोऱ्याने नीट बांधलेली. त्यांनी ती सोडली.

आत चार पितळी स्क्रू होते.

३

"चोर स्क्रू मागे ठेवून गेला," मी म्हणालो. "घाईत विसरला असेल."

"घाईतला माणूस पुडी बांधतो का रे?" अक्का म्हणाल्या. "भोकाचा कुठे टवका उडालेला नाही. पडद्याच्या चुण्या परत सारख्या केल्यात. ज्याने पाटी काढली त्याला ती फोडायची नव्हती, विकायचीही नव्हती. ती इथेच परत लागेल हे त्याने धरलेलंच होतं. मग काढली कशाला? कंत्राटदाराला बोलाव."

कंत्राटदार आला तो आधीच कानावर हात ठेवून. "अक्का, देवाशपथ, मी नाही."

"तू नाहीस हे मला माहीत आहे. पण तुझी पाचावर धारण का बसली आहे, ते सांग."

"कुठे बसली आहे?"

"समारंभात सगळे रिकाम्या भिंतीकडे बघत होते. तू एकटा दाराकडे बघत होतास. पाटी गेली याचं तुला दुःख नाही. ती कुठेतरी दिसेल याची भीती आहे. काय आहे त्या पाटीत?"

कंत्राटदाराने रुमालाने मान पुसली, मग हात पुसले, मग रुमालच पिळला. "पाटीत काही नाही हो. पुढून अगदी झकास आहे. साहेबांचं नाव, खाली तारीख. फक्त..."

"फक्त?"

"मागची बाजू."

हळूहळू सगळं बाहेर आलं. साहेबांच्या पायाभरणीचे दगड गावोगाव उभे होते. काम कधी सुरू व्हायचं नाही. दगड बिचारा ऊनपाऊस खात पडून राहायचा. मग एक दिवस कंत्राटदाराची माणसं तो गुपचूप उचलून वखारीत आणायची. पुढच्या समारंभाला मागच्या बाजूवर नवी अक्षरं कोरायची, जुन्या बाजूवर सिमेंटचा हात फिरवायचा, की पाटी तयार.

"साहेबांनीच सांगितलं होतं," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "म्हणाले, उगाच कुठे उभे राहून लोकांना आठवण करून देतात. आणि दगड एक नंबर असतो हो अक्का. काम झालेलं नसतं एवढंच."

"या पाटीच्या मागे कुठल्या कामाचा दगड होता?"

"आता कसं आठवणार? ढीगभर आहेत. पण एक लक्षात घ्या, ती भिंतीवर पक्की बसली, तर सर्वांत जास्त फायदा माझा. मी कशाला काढू?"

हे मलाही पटलं. म्हणजे कंत्राटदार सुटला, आणि मी होतो तिथेच राहिलो.

तेवढ्यात मेहुणा दारात उभा राहिला. अजूनही ताठच. "अक्का," तो म्हणाला, "उगाच कोणाला त्रास देऊ नका. पाटी मी चोरली."

४

मला इतका आनंद झाला की मी त्याला बसायला कोचच पुढे केला. तो बसायला वाकला, 'आई गं' म्हणून ओरडला आणि परत लाकडी खुर्चीकडे वळला.

"का चोरलीस?" अक्कांनी विचारलं.

"रागाने! सभागृहातल्या सगळ्या खुर्च्या मी दिल्या. पाटीवर माझं नाव टाकतो म्हणाले, टाकलं नाही. डोक्यात तिडीक गेली. पहाटे आलो, उचलली, नेली."

"किल्ली?"

"किल्ली... मिळाली."

"कुठे?"

"जिथे असते तिथे."

"बरं. स्क्रू काय केलेस?"

"फेकून दिले!" तो तावातावाने म्हणाला. "रागात माणूस स्क्रू सांभाळत बसतो का?"

अक्कांनी पुडी त्याच्यापुढे धरली. मेहुण्याने ती बघितली आणि त्याचा सगळा ताव ओसरला.

"तुला मी ओळखते," अक्का म्हणाल्या. "लग्नात करवला म्हणून नवऱ्यामुलाचे बूट सांभाळायला दिले होते, तेही तू हरवलेस. ही पुडी बांधणारा दुसराच कोणी आहे. पण पाटी उचलायला तू होतास, हे मात्र खरं. फर्निचरच्या दुकानात जन्म काढलास, पण स्वतः कधी स्टूल हलवलं नाहीस. आज एकदम कंबर धरली?"

"अंथरुणात अवघडली."

"तू स्वतःवर घेतोयस ते कोणासाठी?"

मेहुण्याने मान भिंतीकडे फिरवली. बाहेर साहेबांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या आणि दर फेरीला दाराशी आल्यावर ते जरा मोठ्याने खाकरत होते. निरीक्षकांची निघायची वेळ जवळ आली होती.

अक्कांनी मला विचारलं, "पाटी भिंतीवर लागण्याआधी कुठे होती?"

"साहेबांच्या घरी. व्हरांड्यात."

"कशी ठेवली होती?"

"भिंतीकडे तोंड करून. साहेबांचा नियमच आहे तो. मागे एकदा पाटी आधीच कोणीतरी वाचली, माझं नाव वर की तुझं, यावरून समारंभात हमरीतुमरी झाली. तेव्हापासून उद्घाटन होईपर्यंत पाटीचं तोंड कोणाला दाखवायचं नाही."

अक्का उठल्याच. "तोंड दाखवायचं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे इतके दिवस घरातल्या माणसांसमोर काय होतं रे?"

५

साहेबांच्या व्हरांड्यातली फरशी लख्ख होती. वहिनींच्या घरात धुळीला राहायची सोय नाही. पण अक्का गुडघ्यांवर बसल्या, भिंत आणि फरशीच्या सांध्यात त्यांनी नख फिरवलं आणि बोट मला दाखवलं. त्यावर राखाडी भुकटी होती.

"सिमेंट," मी म्हणालो.

"कंत्राटदाराचं सिमेंट. त्याच्या बाकीच्या कामासारखंच. ओलं फडकं लागलं आणि सुटलं."

साहेब आमच्या मागोमाग आले होते. मेहुणा, कंत्राटदार, सगळेच आले होते. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"परीक्षेचा पेपर फुटला ना," अक्का कंबर धरत उठल्या, "की सगळी पोरं येऊन विचारतात, बाई, कोणी फोडला, कोणी फोडला? जिला ठाऊक असतं तीच तेवढी विचारत नाही. सकाळी या सगळ्यांनी विचारलं, पाटी कोणी नेली. एकीने विचारलं, चहा टाकू का. या घरात सभागृहाची दुसरी किल्ली आहे, बाळ्याला आठवत नसली तरी. या घरात चार स्क्रूसुद्धा पुडीत बांधून ठेवणारं एकच माणूस आहे. आणि तिचा भाऊ तिच्यासाठी कंबर मोडून घेईल, वर चोरीचा आळही घेईल. काय गं, बरोबर?"

वहिनींनी ट्रे शांतपणे खाली ठेवला.

"बरोबर, अक्का."

"तू?" साहेब किंचाळले. "अगं, तू? माझी पाटी?"

"तुमची नाही. माझ्या आईची." वहिनींचा आवाज आताही चढला नाही. "व्हरांडा पुसताना दगडाला फडकं लागलं, खपली निघाली आणि खाली अक्षरं दिसली. आमच्या ओढ्यावरच्या पुलाची पायाभरणी. तुमची पहिली निवडणूक होती. मी गर्दीत उभी होते. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी या पुलावरून चालत येईन. मला ते खरं वाटलं, म्हणून मी तुमच्याशी लग्न केलं."

साहेबांनी घसा साफ केला. "अगं, ते काम अडलं होतं, कारण..."

"कारण विरोधकांनी दगड पळवला! हेच सांगितलंत ना मला? दरवर्षी पाणी वाढतं आणि आई पलीकडे अडकून पडते. मी दरवर्षी तिला सांगते, ते तरी काय करणार, दगडच चोरीला गेला. इतकी वर्षं मी त्या विरोधकांच्या बायकांशी बोलले नाही हो! आणि दगड तुमच्याच माणसाच्या वखारीत!"

कंत्राटदार हळूच खांबामागे सरकला.

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मला माफ करा. मला वाटलं होतं, पाटी दिसली नाही की ते आधी मला विचारतील. घरात काही सापडेनासं झालं की मलाच विचारतात. आज नेमके तुमच्यावर उलटले. निरीक्षक निघायच्या आत मी सांगणारच होते."

माझा राग कधीच निवला होता. वाईट एवढंच वाटलं की या बाईंना इतकी वर्षं कोणी खरं सांगितलं नव्हतं, आणि रोज त्यांच्या घरी चहा पिणाऱ्यांत मीही होतो.

"पाटी कुठे आहे?" साहेबांनी पडेल आवाजात विचारलं.

"जिथे तुम्ही बसवली होती तिथे," वहिनी म्हणाल्या. "येऊन घेऊन जा."

नेमकी त्याच वेळी फाटकाशी गाडी थांबली आणि निरीक्षक उतरले. "मी निघालो होतो," ते म्हणाले. "जाता जाता चोराचं नाव ऐकून जावं म्हटलं. तुम्ही शब्द दिला होता."

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती, अडचणीच्या प्रश्नावर ते अशीच सोपी वाट शोधतात. त्यांनी तोंड उघडलं.

"बाळ्या," अक्का म्हणाल्या, "इथे नाही. ओढ्यावर सांग."

६

ओढा गुडघाभर होता, पण पाण्याला ओढ होती. काठावरच्या झुडपांत तो दगड उभा होता. एका बाजूला सभागृह, दुसऱ्या बाजूला पूल. मेहुण्याने सभागृहाची बाजू पाण्याकडे केली होती.

पलीकडच्या काठावर साहेबांच्या सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. आमची वरात पाहून त्या उठल्या आणि कपाळावर हात धरून ओरडल्या, "जावईबापू! पूल झाला का?"

निरीक्षकांनी दगड वाचला. त्याला फेरी मारली. दुसरी बाजू वाचली. मग साहेबांकडे बघत उभे राहिले.

साहेबांनी सवयीने माझ्यापुढे हात केला. "कागद," ते कुजबुजले.

"लिहिलेला नाही," मी म्हणालो.

"तोंडी सांग मग. पहिलं वाक्य तरी."

खरं सांगायचं तर पहिलं वाक्य माझ्या जिभेवर होतं, सवयच ती. पण माझ्याच अब्रूचा निकाल असलेलं भाषण मीच लिहून द्यायचं, हे काही मला जमेना.

साहेब एकटे उभे राहिले. इतकं ओशाळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मशिनी विकायचे तेव्हा दार बंद झाल्यावर ते असेच उभे राहत असतील.

"पाटी कोणी चोरलेली नाही," ते एकदाचे म्हणाले. "चोरी आधीच झाली होती. हा दगड मीच उचलायला लावला. हिला खोटं सांगितलं. आणि या माणसाचा यात काही दोष नाही. सकाळी मी बोललो ते चूक होतं."

ते इतकं हळू बोलले की मलाही जेमतेम ऐकू आलं. पण वहिनींनी ऐकलं. त्यांनी डोळे टिपले आणि दुसरीकडे बघू लागल्या. निरीक्षकांनीही ऐकलं. "माझ्या नोकरीत," ते अक्कांना म्हणाले, "असं कोणी कधी बोललं नाही. आता यांना उमेदवारी द्यावी की नाही, मलाच कळेना."

"पूल झाल्यावर विचारा," अक्का म्हणाल्या.

"काय म्हणाले?" पलीकडून सासूबाई ओरडल्या. "पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही! इकडे येऊन बोला!"

साहेबांनी काठाकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. मग साहेबांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात पाय घातला. मधोमध पोचल्यावर ते डगमगले, दोन्ही हात पसरून कसेबसे सावरले आणि तिथूनच, निवडणुकीच्या सभेत देतात त्या आवाजात ओरडले, "दगड मी चोरला होता!"

"ते मला ठाऊक आहे!" सासूबाई ओरडल्या. "तुमच्या लग्नाच्या आधीपासून ठाऊक आहे! पोरीला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही! मग आज ही वरात कशाला? कोणाला पकडून आणलंत?"

"त्याने काही केलेलं नाही!" साहेबांनी माझ्याकडे हात केला.

"तो कोण?"

"माझी भाषणं लिहितो!"

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. एवढ्या लांबूनही मला ते जाणवलं.

"मग काही केलेलं नाही कसं?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तुमच्या तोंडून जे काही ऐकलं, ते सगळं त्याचंच ना? त्यालाही घेऊन या इकडे!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. चोरीच्या आळातून मी सुटलो होतो, साहेबांनी भर पाण्यात उभं राहून मला सोडवलं होतं. पण या आरोपावर कोणी माझ्या बाजूने बोलायला तयार दिसेना.

मी खाली बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलो.